सफरचंदाचा मधला भाग

मुंबईत घोडपदेवच्या खोलीत प्रफुल्ल पिंजऱ्यापुढून हलत नव्हता. त्याचा लव्हबर्ड बंड्या दुपारपासून पिसं फुगवून गप्प बसला होता. डॉक्टर फोनवर सांगत होते, "पेरूच्या बिया चालतात, सफरचंदाच्या नाही. त्यांत विष असतं."

सकाळी आईने सफरचंद कापून सगळ्यांना फोडी वाटल्या होत्या. ताटलीत उरलेला बियांचा मधला भाग आता तिथे नव्हता.

"आई, बंड्याला बिया दिल्यास ना?" तो खेकसला. "त्या मुक्या जिवाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"त्याला माझी फोड दिली."

"मग मधला भाग?"

"तो मीच खाते रे. नेहमीच."

बंड्याने पिसं झटकली. फोनवर डॉक्टर विचारत होते, "मग बिया खाल्ल्या कुणी?"