तिसरा दाखला

कोशकारांनी उभा जन्म शब्दांचा कीस पाडण्यात घालवला होता. बायको म्हणायची, "मी शब्द असते तर माझ्याकडे जरा तरी लक्ष गेलं असतं." हे कोणीतरी भलत्याच अर्थाने मनावर घेतलं असावं. अर्धांगाच्या झटक्यात तिची सगळी भाषा गेली आणि तोंडात एकच शब्द उरला, तोही इंग्रजी: ओके.

भूक लागली, ओके. उशी टोचतेय, ओके. नवरा चहात साखर विसरला, तर चढ्या आवाजात ओके. मुलीने हात टेकले. कोशकार मात्र कामाला लागले. निवृत्तीनंतर हाताला काम मिळालं याचा त्यांना थोडा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची पुढे फार लाज वाटली. प्रत्येक ओके त्यांनी कार्डावर उतरवला: वेळ, सूर, हात कुठे, नजर कुठे, अर्थ काय. तीन महिन्यांत एकोणीस अर्थ पक्के झाले आणि बुटांच्या खोक्यात कार्डं ओळीने उभी राहिली. तिला तहान लागलीय की कूस बदलायचीय, हे त्यांना अचूक कळू लागलं.

"बाबा, चाळीस वर्षांत आईचं इतकं ऐकलं नव्हतंत तुम्ही," मुलगी म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

मंगळवारी दुपारी नवाच ओके आला. बारीक, ओढलेला, डावा हात गळ्याशी. कोशकारांनी पाणी दिलं, उशी हलवली, खिडकी उघडली. थोड्या वेळाने ती शांत झाली. त्यांनी कार्ड लिहिलं: "अर्थ अनिश्चित. दाखला पहिला."

"डॉक्टरांना बोलवू या का?" मुलीने विचारलं.

"आणि सांगायचं काय? शब्दाचा तोच वापर तीनदा दिसल्याशिवाय अर्थ ठरवायचा नसतो. तीन दाखले हवेत."

कोशाच्या कचेरीत हा नियम त्यांनीच घालून दिला होता. घाई करणाऱ्या कितीतरी जणांची त्यांनी तिथे बिनपाण्याने हजामत केली होती.

गुरुवारी पुन्हा तोच सूर, तोच हात. पेन आधीच हातात होतं. "दाखला दुसरा."

शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा. या वेळी ती शांत झाली ती कायमची. डॉक्टर आले, हृदयविकार म्हणाले, आधी काही त्रास होत होता का विचारू लागले. कोशकारांनी खोक्याचं झाकण लावलं.

माणसं पांगल्यावर आईची कागदपत्रं शोधताना मुलीच्या हाती खोकं लागलं. शेवटची दोन कार्डं तिने उभ्याउभ्याच वाचली. मग एक कोरं कार्ड बापापुढे ठेवलं.

"तीन झाले, बाबा. आता लिहा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. कोशकारांनी वेळ लिहिली, सूर लिहिला, हात कुठे होता ते लिहिलं, आणि अर्थाच्या जागेपाशी येऊन थांबले. अर्थ त्यांना मंगळवारीच कळला होता.