इंचभर अक्षरांची पाटी

व्हर्लीन स्ट्रिकलँडनं आपल्या खानावळीच्या दारावर लावलेली पहिली पाटी वहीच्या पानाएवढीच होती. पिस्तुलाचं चित्र आणि त्यावर लाल काट. सकाळच्या कॉफीचं टोळकं त्या दिवशीही नेहमीसारखं आलं. सगळे परवानेवाले, सगळ्यांच्या शर्टाखाली कमरेला पिस्तूल. म्होरक्या डब हॅचेट. परवान्यासाठीचा वर्ग गावात तोच घ्यायचा, त्यामुळे कायदा त्याला तोंडपाठ. त्यानं गाडीतून टेप आणली, पाटीला लावून पाहिली आणि पोट धरून हसला.

"व्हर्लीन, असली पाटी टेक्ससात चालत नाही गं! अक्षरं इंचभर उंच हवीत. इंग्रजीतही आणि स्पॅनिशमध्येही, कायद्यातला मजकूर जसाच्या तसा. हे तर नुसतं चित्र झालं."

आणि पिस्तुलासकट आत येऊन त्यानं अंडी मागवली. बाकीचे खिदळत त्याच्या मागोमाग.

व्हर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकीच्यांचं एक वेळ ठीक, त्यांना काय ठाऊक होतं? पण डबनं हसावं?

आदल्या शुक्रवारी, तळलेल्या माशांच्या दिवशी, खानावळ गच्च भरली होती. व्हर्लीन संडासात गेली आणि टाकीच्या झाकणावर तिला पिस्तूल दिसलं. भरलेलं. मुठीला पिवळट शिंग बसवलेलं. अख्ख्या गावात तशी मूठ एकट्या डबची. परवानेवाल्यांची ही नेहमीची चूक. बसताना कमरेचं ओझं काढून ठेवायचं आणि उठताना विसरून जायचं. असं करणारा माणूस गाढव, हे डब वर्गात पहिल्याच दिवशी बजावायचा. खानावळीत संडास एकच. बाहेर एक बाई दोन लेकरांना घेऊन रांगेत उभी होती आणि धाकटा पाय आवळून नाचत होता.  पिस्तूल एप्रनखाली दडवून व्हर्लीन स्वयंपाकघरात गेली, केकच्या खोक्यात घातलं आणि मागच्या दारी डबला बोलावून त्याच्या हातात दिलं. तो पांढराफटक पडला.

"माझं नाव घेऊ नकोस कुठं," तो म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

तिनं शब्द दिला. तिला वाटलं होतं, पाटी लागली की सगळ्यांत आधी हाच मान डोलवील. आणि हा टेप घेऊन आला!

"इंचभर हवीत ना?" ती त्याच्या पाठीवर ओरडली. "इंचभर देते!"

नवी पाटी आली आणि तिनं दाराची सगळी काच व्यापली. टोळकं ती वाचून दारातूनच माघारी फिरलं. जाताना त्यांनी दाराच्या फटीत छापील कार्डं खोचली: 'बंदूक चालत नाही, तर आमचा पैसाही नाही.' मग जुलैच्या उन्हात पेट्रोल पंपावर उभ्यानं कागदी पेल्यातली कॉफी प्यायला लागले. ती कॉफी भिकार होती, पण हट्ट म्हणजे हट्ट. त्यांच्या बायकाही यायच्या थांबल्या आणि रविवारी चर्च सुटल्यावर निम्मी टेबलं रिकामी राहू लागली.

"मिस व्हर्लीन, असंच चाललं तर ख्रिसमसपर्यंत कुलूप लागेल," वाढणारी नेड्रा म्हणाली. "कोणाचं पिस्तूल सापडलं ते सांगून टाका ना एकदाचं."

"शब्द दिलाय."

"मग पाटी तरी काढा."

"काढत नाही. बुडालो तर पाटीसकट बुडू."

एका शनिवारी सकाळी डबची गाडी दारासमोर येऊन थांबली. पाठोपाठ बाकीच्या चौघांच्या. पाचही जण पायरीखाली उभे राहिले. पाटी आता कायदेशीर होती ना, ओलांडणार कशी? व्हर्लीन कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"पाटी काढ, आत्ता आत येतो," डब म्हणाला. "उद्या कोणी माथेफिरू बंदूक घेऊन घुसला तर तुला कोण वाचवणार? ही पाटी? तो काय अक्षरं मोजत बसणारे?"

 तेवढ्यात टोळक्यातले सगळ्यांत वडील, ऐंशी उलटलेले ऑर्व्हल पुढे आले. "पण झालं तरी काय पोरी? उगाच कोणी एवढी मोठी पाटी लावत नाही."

"संडासात कोणाचं तरी पिस्तूल राहिलं होतं, मिस्टर ऑर्व्हल. भरलेलं. आणि बाहेर लेकरं रांगेत."

टोळकं हसलं. "कोण हा गाढव?"

डबलाही हसावं लागलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, गुरुजीच तो. "असल्या माणसाचा परवानाच काढून घेतला पाहिजे!" तो जोरात म्हणाला.

व्हर्लीननं त्याच्यावर डोळे रोखले. "पुन्हा बोल, डब."

डबनं शर्टाचं टोक कमरेवर खाली ओढलं. एकेकाचं हसू विरलं. ऑर्व्हलनी डबच्या कमरेकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"सांगितलंस तू!" डब खेकसला.

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं. अजूनही घेतलेलं नाही."

ते खरं होतं, आणि हे डबइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं टोपी काढून कपाळाचा घाम पुसला.

"माझंच होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मीच तो गाढव. पण म्हणून ही पाटी मला मान्य नाही. चूक माझी झाली, हक्क गेलेला नाही माझा."

"नको मानूस," व्हर्लीन म्हणाली. "दार माझं आहे."

तो ताठ मानेनं गाडीत बसला. दोघं त्याच्या मागे गेले आणि तिन्ही गाड्या पेट्रोल पंपाकडे वळल्या. ऑर्व्हल आपल्या गाडीशी गेले, कमरेचं पिस्तूल काढून खणात ठेवलं, गाडीला कुलूप लावलं आणि सैल झालेली पँट वर ओढत पायऱ्या चढले. उरलेला एक जण थोडा घुटमळला, मग त्यानंही तेच केलं.

"दोघंच?" नेड्रा दारातून कुजबुजली.

व्हर्लीननं त्या दोघांसाठी दार उघडं धरलं. 

"दोघं तर दोघं," ती म्हणाली. "तवा तापव."