न धुतलेली माशी

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. कारण ऐकलंत तर तुम्हीही चिडाल.

दिसायला मी देखणा नाही. एक उंच पोलादी नळकांडं, त्याच्या तळाशी डब्याएवढी खोली आणि शेजारी पडदा. त्या खोलीतली हवा पंपाने ओढून काढली, की मी आतल्या वस्तूवर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत फिरवतो. अंधारात एखाद्याचा चेहरा बोटांनी चाचपावा, तसा. त्या चाचपण्यातून पडद्यावर चित्र उमटतं. काळंपांढरंच. रंग माणसं नंतर भरतात आणि वाहवा होते ती रंगांची!

मी नवा होतो तेव्हा माझा थाट विचारू नका. पाहुणे आले की आधी माझ्या दर्शनाला. आणि त्यांना दाखवायचं काय, तर मधमाशीचा डोळा. हजारो षटकोनी भिंगं, मधूनमधून उभे केस. पाहुणे “अबब!” म्हणत, चहा पीत आणि जात. अरे, माशीला जीभ आहे, बाटली घासायच्या ब्रशासारखी केसाळ. पुढचा पंख मागच्यात अडकवायला आकड्यांची रांग आहे. नांगीला उलटे काटे आहेत. पण नुसते डोळे पाहून सोयरीक ठरवणारी ही मंडळी! डोळ्याच्या पुढे कुणी सरकेल तर शपथ.

पुढे वरच्या मजल्यावर नवं यंत्र आलं. माझ्या वाट्याला उरली किरकोळ कामं आणि धापा टाकणारा पंप. त्यातलं तेल बदलायला कुणाला सवड नव्हती.

माझ्याकडे येत त्या दोघांची ओळख करून देतो. एक मॅडम, कीटकांच्या अभ्यासक. हुशार, पण एक वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्याची चप्पल पायात घातलेली. दुसरे काका, नमुने तयार करणारे. कीटक धुवायचा, वाळवायचा, चिकटवायचा, त्यावर सोन्याचा पातळ थर चढवायचा, मगच तो माझ्या पोटात. काका इतके टापटिपीचे, की मॅडम त्यांना तोंडावर ‘धोबीकाका’ म्हणत. काकांना ती पदवीच वाटे.

एक दिवस मधमाश्या पाळणाऱ्या मावशी आल्या. हातात बरणी, बरणीत मेलेल्या माश्या.

“पेटीच्या दारात येऊन पडतात हो,” त्या म्हणाल्या. “भोवऱ्यासारख्या गरगरतात आणि संपतात. तपासणीवाले साहेब म्हणतात, रोग असेल, पेट्या जाळून टाका. तुम्ही सांगा, जाळू का?”

“आधी बघू तर द्या, मावशी!” मॅडम म्हणाल्या.

काकांनी माश्यांना अशी काही आंघोळ घातली, की त्यांच्या राणीनेही ओळखल्या नसत्या. माझ्यासमोर माशी आली ती लखलखीत. मी चाट पडलो. दिवसभर फुलांत लोळणारी ही बाई आणि अंगावर परागाचा एक कण नाही? चोरी झालेल्या घरात आधी झाडू मारायचा आणि मग पावलांचे ठसे शोधायचे, असला हा कारभार! मी आतल्या आत चरफडत राहिलो. मला तोंड कुठे आहे? पुढ्यात ठेवतील तेच मी दाखवणार.

“वेगळं काही दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. “चित्र मात्र झकास आलंय.”

“केसन् केस मोकळा!” काका खूश.

“म्हणजे जाळू नको ना?” मावशींनी विचारलं.

“तसं खात्रीने नाही सांगता येत. अजून माश्या आणा.”

मावशी पुन्हा आल्या. काकांनी पुन्हा धुतल्या. मावशी तिसऱ्यांदा आल्या, पुन्हा तेच. दर खेपेला मावशींचा आवाज थोडा खाली गेलेला असे.

मग काका भाचीच्या लग्नाला गेले आणि नेमक्या मावशी दारात.

“एकच पेटी जिवंत आहे, मॅडम. साहेब उद्या येणारेत.”

मॅडमनी धुण्याचं सामान शोधलं. कपाटाला काकांचं कुलूप! “मरू दे ते धुणं,” म्हणत त्यांनी तशाच माशीवर सोनं चढवलं आणि ती माझ्या पोटात ठेवली. पंपाने धापा टाकत हवा ओढली. चित्र उमटलं.

“शी! किती घाण!” मॅडमचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

मला हात असता, तर मी त्यांचं मनगट धरलं असतं. पण त्या आपणहून थांबल्या. खुर्ची पुढे ओढून बसल्या. माशीच्या पुढच्या पायाला एक अर्धगोल खाच असते. डोक्यावरच्या मिशांनी ती वास घेते, वाट ओळखते, आणि त्या मिशा या खाचेतून ओढून साफ करते. ती खाच टोकदार चुऱ्याने ठासून भरली होती. पोटाच्या कडेच्या, श्वास घ्यायच्या भोकांतही तोच चुरा.

“मावशी, पेट्यांजवळ काय आहे?”

“काही नाही हो, बाग आहे. भिंतीपलीकडे ते फरश्या कापतात, तेवढंच.”

मॅडमनी खाचेतल्या कणांचं चित्र आणखी मोठं केलं.

“दगडाचा चुरा आहे हा,” मॅडम म्हणाल्या. “दर वेळी आम्ही तो धुऊन टाकत होतो. मी साहेबांना लिहून देते. पेटी जाळू नका, मावशी. लांब हलवा. आजच.”

मावशी हसल्या नाहीत.

“बाकीच्या मागच्याच आठवड्यात जाळल्या, मॅडम. तुम्ही नक्की सांगेनात, म्हणून.” त्यांनी बरणीचं झाकण लावलं. “एक आहे, ती हलवते.” चहासाठीही न थांबता त्या गेल्या.

काका परतल्यावर सगळं ऐकून कळवळले. “मला कुणी सांगायचं तरी!” कोण सांगणार, काका? ज्याला दिसत होतं त्याला जीभ नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची निगा राखा, पंपात वेळेवर तेल घाला, हे तर सांगतोच. पण त्याहून कळकळीची विनंती वेगळी आहे. कुणी आपलं दुखणं घेऊन तुमच्या दारात आलं, तर ते नीटनेटकं करायच्या मागे लागू नका. आलंय तसं, धुळीसकट, एकदा डोळे भरून बघा. पाणी काय, नळाला नंतरही येतं.