शिकवलेलं उत्तर

बाप वारला तेव्हापासून नऊ वर्षांची गुड्डी शाळेत कोणाशी बोलेना, घरी धड जेवेना. दोन महिन्यांनी सिल्वासाच्या दवाखान्यात नंबर लागला, तेव्हा भिमाबाईने खडोलीच्या कारखान्यात कामाला खाडा केला. बसमध्ये तिने लेकीला बजावलं, "दवाखान्यातल्या मॅडमनी विचारलं तर 'सब ठीक है' म्हणायचं. रडायचं नाही बरं!" कारखान्यात तपासणीला साहेब आले, की ठेकेदार बायांना असंच पढवून ठेवायचा. मोठ्या माणसांपुढे बोलायची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या मधुरा मॅडम दहा मिनिटांत गुड्डीला घेऊन बाहेर आल्या. "गोड आहे हो मुलगी! सगळं ठीक आहे म्हणाली. आता यायची गरज नाही."

पुढचा नंबर पुकारला गेला. भिमाबाई बाकावरून उठेना. आता काय करावं हे कोणाला विचारावं, तर नवरा गेल्यावर या मुलखात तिचं विचारण्यासारखं माणूसच उरलं नव्हतं.

"मॅडम, ते मीच शिकवलं होतं," ती कशीबशी म्हणाली.

मधुरा मॅडम तिथेच बाकावर टेकल्या. "मग खरं काय ते सांग बाळा."

गुड्डी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आता काय म्हणायचं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.