टाचेला एकच टाका

शिंपीमास्तरांच्या बोटात आजवर हजारदा सुई घुसली असेल. पण काल दोन दिवसांच्या लेकीच्या टाचेत ती घुसली, तेव्हा त्यांनीच डोळे मिटून घेतले. पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला, पाय झाडला आणि तपासणीच्या कागदावरच्या, रक्ताच्या थेंबांनी भरायच्या चार गोलांपैकी दोन कोरेच राहिले. म्हणून आज पुन्हा टोचायचं होतं.

सिझेरियनच्या टाक्यांच्या ड्रेसिंगला जाताना बायकोने बजावलं, "आज ती कालसारखी रडली, तर यापुढे कुणाला हात लावू देणार नाही. सांगून ठेवते."

तपासणी तर व्हायलाच हवी. इकडे आड, तिकडे विहीर.

रक्त घ्यायला आलेली सिस्टर मात्र निवांत होती. "मास्तर, आज औषधाविना दुखणं कमी करू. कपडे काढा."

मास्तरांनी लगबगीने लेकीच्या झबल्याच्या नाड्या सोडल्या.

"छान. आता तुमचा सदरा."

"माझा? टोचायचं कुणाला आहे?"

"तिलाच. पण आईच्या नाहीतर बापाच्या उघड्या छातीला बिलगलं, की बाळाला कमी दुखतं."

मास्तर खुर्चीत रेलले. छातीवर लेक, वर पांघरूण, बाहेर फक्त एक पाय. सिस्टरने टाचेला कोमट फडकं गुंडाळलं. दहा मिनिटं झाली, तरी पोरगी चुळबुळतच होती.

"गाणं येतं का काही?"

"गाणं नाही. मशीन येतं."

आणि त्यांनी तोंडानेच शिलाई मशीन चालू केलं. घर्रर्र, घर्रर्र. नऊ महिने त्याच आवाजाशेजारी बसून बायकोने काजं केली होती. पोरीने कान छातीला टेकवला आणि ती गप्प झाली.

सिस्टरने टोचलं.

"क्यँ!"

मास्तर दचकले. मशीन बंद पडलं. पोरीचा ओठ वाकडा होऊ लागला.

"दोरा तुटला का, मास्तर? चालू ठेवा!"

घर्रर्र. ओठ सरळ झाला. नव्या कागदावरचा एक गोल भरला, दुसरा, तिसरा. चौथा भरला, तेव्हा पोरगी चक्क झोपली होती.

तेवढ्यात बायकोची व्हीलचेअर दारात आली. "रडली?"

"एक जण रडला," सिस्टर म्हणाली. "झबल्यातला नव्हे."

मास्तर घाईघाईने झबल्यानेच डोळे पुसत होते. "धागा गेला डोळ्यात. सदऱ्याचा."

बायकोने त्यांच्या उघड्या खांद्यांकडे पाहिलं. "कुठल्या सदऱ्याचा?"