क्षीरसागराला पापडाची चव

मारुतीच्या पारावर त्या सकाळी इतकी माणसं चढली होती, की दर्शनाला आलेल्याला मारुतीच सापडेना. पोरं पिंपळावर, म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर, आणि मधोमध व्याघ्रचर्मावर क्षीरगिरी बाबा. (व्याघ्रचर्म म्हणजे पिवळ्या घोंगडीवर काजळाचे पट्टे. पण ते मला नंतर दिसलं.)

बाबांनी बाटलीतलं नितळ गंगाजल काचेच्या पेल्यात ओतलं. झोळीतून चिमूटभर विभूती काढून आत टाकली. आणि बघता बघता पाणी पांढरंफेक! दूध!

"देख माई, देख! क्षीरसागर का दरवाजा खुल गया! शेषनाग ने करवट बदली! जो माई सूखी है, वो भीगेगी! जो भीगी है, वो बहेगी!"

"आन् जे आधीच वाहून राह्यली ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"वो डूबेगी!" बाबा गरजले, आणि गर्दीने आनंदाने टाळ्या पिटल्या.

"क्षीरगिरी बाबा की जय!" असं सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो मीच. खोटं कशाला बोलू? टाळही माझेच होते. मी शालिग्राम. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा. मेहकर-लोणारच्या वाटेवरच्या आमच्या गावात दवाखाना नव्हता, पण दहा कोसांत कुठेही कीर्तन असलं की मला आपोआप वास यायचा. देवाचं नाव कुणीही घ्यावं, शालिग्रामने टाळ वाजवावेत, असा माझा खाक्या. म्हणून बाबांनी विभूती टाकायच्या आधी त्या गंगाजलाचे दोन थेंब तीर्थ म्हणून पहिल्यांदा मलाच दिले. जीभ चांगलीच चुरचुरली. वाटलं, पापं जळून राह्यली; गावभर तसं सांगितलंही. माझी पापं किती, आणि थेंब दोनच, तेव्हा एवढं चुरचुरणारच.

माझी वहिनी अंबूबाई गर्दी फोडून पुढे गेली आणि तिने बाबांचे पाय धरले. तिला कारण होतं. पुतण्या कडूबाची बायको सोजरा, लोणारची लेक, पहिलटकरीण. लेकरू बारा दिवसांचं, आणि अंगावर दूध बेताचंच. तानुबाई दाई रोज सांगे, "लेकराले घडीघडी अंगावर लाव, आन् हिले पोटभर खाऊ घाल." पण एवढ्या साध्या सांगण्यावर कुणाचा भरवसा बसतो?

बाबांचा उपाय भारदस्त होता. सोजराने पाच दिवस निरंकार उपास करायचा आणि विभूती छातीला लावायची. दरवाजा उघडेपर्यंत लेकराला अंगावर घ्यायचं नाही; त्याला कापसाच्या वातीने गुळाचं पाणी. आणि घरच्या म्हशीचं सगळं दूध पारावर आणून द्यायचं, "क्यूं कि क्षीर को क्षीर खींचता है!"

खेचत होतं खरंच. थेट बाबांच्या घशात.

लेकरू रडायचं ते पहिल्या दिवशी माझ्या देवघरापर्यंत ऐकू येई. दुसऱ्या दिवशी अंगणापर्यंत. तिसऱ्या दिवशी मी खाटेजवळ कान नेला तेव्हा कळलं, की ते रडतंय. माझ्या हातातले टाळ जड झाले.

सोजरा भिंतीला टेकून बसली होती. समोर विभूतीची पुडी. भुकेने कासावीस झालेली पोर. बोटाला लागलेली विभूती तिने सहज चाटली. आणि एकदम ताठ झाली.

"मामाजी, पापड!"

"पोरी, उपास हाय ना तुले. पापड कुठून आणू?"

"आणू नका जी, हे घ्या! हा पापडखार हाय! आमच्या लोणारच्या खाऱ्या तळ्याच्या काठी उन्हाळ्यात पांढरं साचते, तेच. लहानपणापासून गोळा केलं म्या. हिमालयातली विभूती म्हणे!"

मी चाटलं. डोळ्यांसमोर उन्हाळा आला, वाळवण आलं, लाट्या चोरून खाणारा मी आलो. शंकाच नव्हती. बाबा तीन दिवस गावाला उडदाशिवायचा पापड खाऊ घालत होते.

तेवढ्यात तानुबाई आली. तिने पेलाभर पाण्यात तो खार टाकून पाहिला. पाणी जसंच्या तसं. "मग दूध कसं होते?" ती पुटपुटली आणि विचार करायला चंची काढून पानाला चुना लावू लागली. चुन्याच्या वासासरशी माझी जीभ चुरचुरली.

"तानुबाई! तीर्थ! पानात चुना जास्त झाला की जीभ जशी होते, तशीच झाली होती माझी!"

"म्हंजे ते पापं नव्हते जळून राह्यले?"

"पापं शाबूत हायेत. चुना टाक पाण्यात!"

तिने डबीतला चुना पाण्यात कालवला. तो तळाशी बसेपर्यंत तासदोन तास आम्ही तिघं पेल्याकडे टक लावून बसलो. वरची नितळ निवळी दुसऱ्या पेल्यात ओतली. सोजराने खार टाकला.

दूध!

"वहिनी, लेकरू द्या हिच्याजवळ," मी म्हणालो. नुकतीच आत आलेली अंबूबाई खाटेवरचं लेकरू छातीशी धरून मागे सरली. "नाई बाप्पा! बाबा कोपले त माझा नातू जाईन!"

आता पारावर गेल्याशिवाय इलाज नव्हता; सोजराला आधार देत, वहिनीला लेकरासकट घेऊन निघालो.

बाबा आमच्याच म्हशीच्या दुधाची बासुंदी चाटत होते. तानुबाईने निवळीचा पेला उंच धरला, पापडखार टाकला, आणि पाणी पांढरंफेक झालं. मला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील. उघडलेच. कडूबाने तिच्यासमोर लोटांगण घातलं.

"तानुमाता की जय!"

"अबे उठ! माझ्या पाया काय पडतं, चुन्याच्या डबीच्या पड!"

त्याने डबीलाही नमस्कार केला. बाया ओट्या घेऊन तिच्याकडे वळल्या. एवढी वर्षं गावभर बाळंतपणं केली तेव्हा म्हातारीला कुणी पाट दिला नव्हता.

"दूधच हाय ना हे?" सोजरा ओरडली. अंगात त्राण नव्हतं, पण आवाज लागला. "मंग बाबा, हे तुम्ही प्या, आन् आमच्या म्हशीचं आम्हाले द्या!"

 बाबांनी पेल्याकडे पाहिलं, बासुंदीकडे पाहिलं, आणि त्यांची हिमालयातली हिंदी पार वितळली. "अवं माय, जाऊ दे ना वं! जीभ भाजते त्याच्यानं!"

पेल्यात तोवर पांढरा गाळ तळाशी बसू लागला होता. वर पुन्हा नितळ पाणी. तानुबाई अंबूबाईसमोर उभी राहिली.

"म्हशीले पान्हा काऊन फुटते वं, अंबू?"

"पारडू ढुशा देते म्हणून."

"पारडू बांधून ठेवलं, आन् म्हशीले उपाशी मारलं त?"

"आटन..." वहिनी बोलून गेली. तिने नातवाकडे पाहिलं, आणि तिथेच, भर पारावर, लेकरू सोजराच्या पदराआड दिलं. आम्ही पुरुष मारुतीकडे तोंड करून उभे राहिलो. तीन दिवसांनी मारुती नीट दिसला. मागून चुटूचुटू आवाज आला, तेव्हा माझ्याच्याने टाळ वाजवल्याशिवाय राहवेना; हळूच वाजवले. बाबा त्या गडबडीत गेले, बासुंदीची वाटी घेऊन.

चमत्कार झाला नाही. दहा-बारा दिवस लागले. लेकरू घडीघडी अंगावर, सोजराला भाकरी-भाजी, हळिवाची खीर, तहानेला पाणी, आणि म्हशीचं दूधही तिलाच. सुरुवातीला कमी पडे तेवढं म्हशीचंच, पाणी घालून उकळून, चमच्याने लेकराला. बाराव्या दिवशी त्याचं रडणं पुन्हा देवघरात ऐकू आलं आणि माझी पूजा चुकली.

मायबहिणींनो, दूध कमी आलं तर तो बाईचा दोष नाही, पाप नाही, कोप नाही. कुणाला उशिरा येतं, कुणाला थोडंच येतं. शहाण्या दाईला विचारा, लेकरू सुकत असेल तर गाडी जुंपून मेहकरचा दवाखाना गाठा. पण आईला उपाशी ठेवू नका आणि लेकराला तिच्यापासून तोडू नका. देव मी आजही मानतो, कीर्तनात आजही रडतो. फक्त कुणी पेल्यातलं दूध दाखवलं, की आधी त्याला विरजण लावतो. तुम्हीही लावा. दही लागलं तर मला निरोप धाडा, मी टाळ घेऊन येतो.