सत्यचक्राची खिटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर मूठ लावलेलं पितळी चाक, शेजारी महाराज. चाक उजवीकडे फिरलं तर रोग गेला, अडलं तर पाप बाकी. महाराजांचा हात सतत चाकाच्या बैठकीवर. आशीर्वाद तिथूनच जात असावा.

माझ्या ताईचं चाक तीन दिवसांपूर्वी फिरलं आणि तिनं इन्सुलिन बंद केलं. आज ती भिंत धरत आभार मानायला निघाली होती.

"ताई, आधी दवाखान्यात जाऊ."

"गप गं. आधी महाराजांच्या पाया पडते."

कुणीतरी चाक फिरवलं. कट-कट-कट.

"हा स्वर्गातला नाद!" महाराज म्हणाले.

मी गाड्या दुरुस्त करते. हा नाद गॅरेजात दिवसभर असतो.

मी पुढे होऊन मूठ धरली. उजवीकडे चाक हलेना.

"पाप!" महाराज गरजले.

मी डावीकडे फिरवलं. कट-कट-कट.

"पाप एकाच बाजूला दिसतंय," मी म्हटलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

मी खिशातला रॅचेट पाना काढला. "आत दातेरी चाक आहे आणि स्प्रिंगनं दाबलेली खिटी. एका बाजूला खिटी दातांत अडकते, नट आवळला जातो. हात मागे घेताना ती दातांवरून घसरत कटकट करते, म्हणून पाना नटावरून काढावा लागत नाही. ही कळ दाबली की खिटी कलते, अडणारी बाजू बदलते."

त्याच पान्यानं मी बैठकीचे बोल्ट सोडू लागले.

"हात लावशील तर भस्म होशील!"

चौथा बोल्ट निघाला तरी मी शाबूत होते. आत तेच दाते, तीच खिटी. महाराजांच्या अंगठ्याखालची कळ घासून गुळगुळीत झाली होती.

"ताई, तूच दाब."

तिनं दाबली, मी मूठ फिरवली, चाक उजवीकडे फिरलं. पुन्हा दाबली, अडलं. तिनं कळीवरून बोट काढलं.

"मग माझा आजार?"

"तो चाकाला कुठून कळणार?"

लोक खिटी बघायला पुढे सरकले, महाराज मागच्या दारानं सरकले. ताईला मी थेट दवाखान्यात नेलं. पाच दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली.

चमत्कार तिथे नमस्कार म्हणतात. करा बापडे, पण आधी झाकण उघडून बघा. उघडू देत नसतील तर घरी जा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका.